दर शनिवारी दोन तास की महिन्यातून दोन मुक्काम?

नवरा-बायको वेगळे होताना मुलाचा ताबा समोरच्याकडे राहणार हे जवळपास ठरलं, की कौटुंबिक न्यायालयातली खरी घासाघीस ॲक्सेसवर, म्हणजे मुलाला भेटण्याच्या हक्कावर, सुरू होते. अर्ज हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली असो की १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली, समुपदेशकासमोर गाडी बहुधा दोन पर्यायांपाशी येते. एक, दर शनिवारी कोर्टाच्या बालकक्षात दोन तास. दोन, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मूल घरी मुक्कामाला. मी स्वतः दुसरा पर्याय घेतला आहे, तेव्हा पुढचं त्या हिशोबाने वाचावं.

बालकक्षाची बाजू लंगडी मुळीच नाही. तिथे आल्या-गेल्याची नोंद राहते, त्यामुळे ‘आणलंच नाही’ आणि ‘आलाच नाही’ हा वाद उरत नाही. मूल तीनेक वर्षांच्या आतलं असेल, कित्येक महिन्यांत भेट झालेली नसेल किंवा मारहाण, व्यसन असे आरोप असतील तर सुरुवात इथूनच करावी. आरोप खोटे असतील तर मुद्दाम इथूनच, कारण देखरेखीखालच्या भेटीवर नवा आरोप रचणं अवघड जातं.

त्रास आहेतच. एका खोलीत चार-पाच कुटुंबं, दहा वर्षांच्या मुलाला न पुरणारी खेळणी, आणि मुलाला सुट्टी लागते त्याच सुमारास कोर्टालाही उन्हाळी सुट्टी. पण हे सगळं निभावता येतं.

निभत नाही ते देणं-घेणं. मूल एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातं त्या पाच मिनिटांत दोघं समोरासमोर असतात. पोटगीचा थकलेला हप्ता, मागच्या वेळी हरवलेला स्वेटर, ‘ताप असताना आणलंय’ हे सगळं तिथेच निघतं. मूल बोट सोडत नाही, ‘मला नाही जायचं’ म्हणतं. लगेच कुणीतरी मोबाइलवर ते टिपून घेतं आणि पुढच्या तारखेला ‘मूल घाबरतं’ म्हणून दाखल करतं. परत सोडताना तेच मूल तितकंच रडतं, ते मात्र कुणी टिपत नाही.

आता हिशोब करून पाहा. दोन तासांच्या चार भेटी म्हणजे महिन्याला आठ तास आणि देणं-घेणं आठ वेळा. शनिवारी सकाळी दहा ते रविवारी संध्याकाळी सहा असे दोन मुक्काम म्हणजे ६४ तास आणि देणं-घेणं चारच वेळा. रुसण्यात अर्धा तास गेला तर बालकक्षातल्या भेटीचा पाव भाग संपला. मुक्कामात तोच रुसवा जेवणापर्यंत बहुधा विरलेला असतो.

त्याहून चांगली सोय म्हणजे शुक्रवारी शाळा सुटताना मूल घ्यायचं आणि सोमवारी सकाळी शाळेतच सोडायचं. आईवडिलांची गाठच पडत नाही. त्यासाठी हुकुमाची प्रमाणित प्रत मुख्याध्यापकांकडे द्यावी आणि न्यायला येणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव लेखी घालून घ्यावं. शुक्रवार किंवा सोमवार सुट्टीचा निघाला तर कुठे आणि किती वाजता, हेही हुकुमात हवं. बारीकसं वाटेल, पण गणवेशाचा एक जोड आपल्या घरी ठेवावा आणि सोमवारच्या वह्या शुक्रवारच्याच दप्तरात याव्यात. नाहीतर रविवारी रात्री पुन्हा फोनाफोनी ठरलेली. औषध चालू असेल तर मात्रा आणि वेळ लेखी घ्यावी.

मुक्काम मागितला की लगेच मिळतो असं नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातलं कलम ६ पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे ठेवतं, आणि लहान मुलाच्या बाबतीत रात्रीला हो म्हणताना कोर्ट सहसा हात आखडता घेतं. म्हणून टप्पे एकाच हुकुमात तारखांसह मागावेत: दोन महिने बालकक्ष, पुढचे दोन महिने दिवसभर बाहेर, मग एक रात्र, मग शुक्रवार ते सोमवार. प्रत्येक टप्प्याला नवा अर्ज केला तर समोरच्याचं म्हणणं येईपर्यंतच महिने जातात.

शब्दही जपून. ‘एकाआड एक शनिवार’ लिहिलंत तर पाचव्या शनिवारी घोळ होणार. ‘दुसरा व चौथा’ लिहा. ‘परस्पर सोयीने’ तर नकोच, कारण सोय नाही म्हटलं की हुकूम मोडलाही जात नाही. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी निम्मी-निम्मी, सम वर्षी पहिला भाग कोणाचा हे नोंदवून. मधल्या दिवसांसाठी व्हिडिओ कॉलची वेळ घालून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या यशिता साहू निकालात रोज ५ ते १० मिनिटं बोलण्याचा हक्क मान्य केला आहे. संमतीच्या अटींवर सही केली म्हणजे कायमचे अडकलो, असंही नाही. मुलाच्या हितासाठी त्या बदलता येतात, हे रोझी जेकब खटल्यापासून, म्हणजे १९७३ पासून ठरलेलं आहे.

भेट हुकली तर त्याच दिवशी दोन ओळींचा साधा ईमेल करा, आणि पुढच्या तारखेला पुरशिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, देऊन ते रोजनाम्यावर, म्हणजे कोर्टाच्या कामकाजाच्या नोंदीत, आणा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ३२ खाली दरखास्त, म्हणजे हुकुमाच्या अंमलबजावणीचा अर्ज, करता येते, जप्ती आणि दिवाणी कैदेपर्यंत जाताही येतं, पण तो रस्ता लांबचा. त्यापेक्षा ‘हुकलेली भेट लगतच्या शनिवारी भरून द्यावी’ ही एक ओळ हुकुमात आधीच असेल तर जास्त कामाची. आणि भेट मिळाली नाही म्हणून पोटगी अडवू नका. ती वेगळी जबाबदारी आहे, आणि थकबाकी चढली की ॲक्सेसच्या अर्जावर समोरचा वकील सर्वांत आधी तेवढंच वाचून दाखवतो.