ठेकेदाराकडचं काम की बाईकवरची डिलिव्हरी?

नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात बारावी झालेल्या पोरांसमोर बहुतेक वेळा दोनच वाटा असतात: एमआयडीसीत ठेकेदाराकडे हेल्परी, नाहीतर ॲपवर डिलिव्हरी.

डिलिव्हरीत पैसा लवकर हातात येतो, डोक्यावर सुपरवायझर नसतो. पण पेट्रोल, बाईकचा हप्ता, पावसात घसरून मोडलेला हात, बहुतेक सगळं आपल्याच खिशातून. कंपनीने ॲपवरची आयडी बंद केली तर दाद कुणाकडे मागायची? 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगारांना, म्हणजे ॲपवर काम करणाऱ्यांना, कायद्यात जागा दिली. किमान वेतनाचा हक्क मात्र दिला नाही. हा अन्याय आहे.

ठेकेदाराकडे पगार तुटपुंजा, वर ब्रेकची, म्हणजे मध्येच कामावरून बंद करण्याची, टांगती तलवार. तरी तिथे बोट ठेवायला कायदा आहे. पीएफमध्ये मालकाचाही वाटा असतो. पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, मिळतं, अवलंबून असलेल्या आईवडिलांवरही उपचार होतात. आणि ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ कंपनीने द्यायचा असतो. माझ्या भावाचे दोन महिन्यांचे पैसे असेच सुटले, तेही युनियनवाले गेटवर ठाण मांडून बसल्यावर.

म्हणून आज विचाराल तर मी ठेकेदाराकडचं काम सांगेन. फक्त पहिल्याच महिन्यात पगाराची स्लिप आणि पीएफ खात्याचा यूएएन नंबर मागून घ्या.