३४९ रुपयांचा स्वयंपाकघरातला वजनकाटा: नऊ महिने रोज वापरल्यानंतर

गेल्या जुलैत हा डिजिटल काटा घेतला तेव्हा माझं वजन ७१.४ किलो होतं, उंची पाच फूट एक इंच. परवा दवाखान्यात उभी राहिले तर ६३.१ भरलं. या नऊ महिन्यांत घरात डाएटचं म्हणून वेगळं सामान आलं नाही. माझ्यापुरती वेगळी पोळी-भाजीही कधी झाली नाही. मैत्रिणी विचारतात, काय केलंस? दर वेळी तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहिते.

आधी घरची परिस्थिती सांगते, कारण आमच्यासारख्या घरात वेळ आणि पैसा या दोनच गोष्टींवर सगळं अडतं. नाशिकला सिडकोत राहतो. मी सातपूरला एका कारखान्याच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते. यांची शिफ्ट ड्युटी. मुलगी दहा वर्षांची, मुलगा चार वर्षांचा, आणि सासूबाई. पहाटे साडेपाचला उठायचं, चार डबे भरायचे, पावणेनऊला स्कूटर काढायची. संध्याकाळी सातला घरात पाय ठेवला की अभ्यास, स्वयंपाक, उद्याची तयारी. धाकटा झोपेपर्यंत साडेदहा वाजतात.

त्याआधी दोन ठिकाणी पैसे घालवले. एका जिमची वर्षाची फी ९,००० रुपये भरली आणि २३ दिवस गेले. मुलगा तापाने आजारी पडला, आठवडा बुडाला, तो बुडालाच. दुसऱ्यांदा ओळखीच्या बाईंनी पावडरचा डबा दिला, २,२०० रुपयांचा. वीस दिवसांत संपला. दीड किलो उतरलं आणि पुढच्या महिन्यात तेवढंच परत आलं. त्या २,२०० मध्ये मुलीच्या शाळेचे बूट आणि दप्तर आलं असतं, हे अजून मनात टोचतं.

शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन तपासायला लावलं. थायरॉईड आणि साखर ठीक, हिमोग्लोबिन मात्र १०.४. म्हणाले, "ताई, उपाशी राहायचं नाही. काय खाता ते आधी नीट बघा." मी म्हटलं, दोन पोळ्या आणि वाटीभर भात, यापेक्षा काय खाते मी? अगदी मनापासून सांगत होते. मला खरंच तसं वाटत होतं.

म्हणून काटा घेतला. पांढरा, प्लास्टिकचा, वर गोल ताटली, १० किलोपर्यंत तोलणारा, एक ग्रॅमच्या फरकाने आकडा दाखवणारा. दोन पेन्सिल सेलवर चालतो. असे काटे हल्ली सगळीकडे मिळतात, त्यामुळे कंपनीच्या नावाला फार अर्थ नाही. पण घेतल्या घेतल्या एक करा. दहा रुपयांची दहा नाणी एकत्र ठेवा. एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असतं, तर ७७ आलं पाहिजे. माझा पहिला काटा ८४ दाखवत होता. तो परत केला, बदलून आला तो ७७ दाखवतो. अजूनही महिन्यातून एकदा नाणी ठेवून बघते.

या काट्याचं सगळं काम शून्य करणाऱ्या बटणात आहे. परात ठेवली, बटण दाबलं, आकडा शून्य, मग पीठ घातलं की फक्त पिठाचं वजन. हे सगळ्यांना कळतं. पण तेलासाठी मी उलटं करते. तेलाची भरलेली किटली काट्यावर ठेवायची आणि शून्य करायचं. किटली उचलून कढईत हवं तेवढं तेल ओतायचं, किटली परत जागेवर ठेवायची. काटा उणे आकडा दाखवतो, तेवढं तेल कढईत गेलं. चमचा बरबटत नाही, भांडं वाढत नाही, फोडणी खोळंबत नाही.

पहिल्या दिवशी मी सासूबाईंना काही न सांगता नेहमीसारखी भाजी करू दिली. फ्लॉवर-बटाटा, पाच माणसांची. दोन पळ्या तेल. किटली ठेवली तर उणे ४६. एक ग्रॅम तेल म्हणजे नऊ कॅलरी, म्हणजे एका भाजीच्या फोडणीतच चारशेच्या वर. शिवाय वरणाची फोडणी वेगळी, पोळीला लावायचं तेल वेगळं, कणकेतलं मोहन वेगळं. मी गॅसजवळ तशीच उभी राहिले. दोन पोळ्या आणि वाटीभर भात खरे होते, पण त्यांच्यासोबत काय जात होतं ते मी कधी धरलंच नव्हतं.

मग महिन्याच्या किराणा बिलांवरून हिशेब केला. आमच्याकडे महिन्याला सहा लिटर तेल लागत होतं. पिशवीवर बघाल तर एक लिटरच्या शेजारी ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं, कारण तेल पाण्यापेक्षा हलकं. सहा पिशव्या, पाच माणसं, तीस दिवस: माणशी रोज ३६ ग्रॅम. त्यात चार वर्षांचं पोरही धरलं आहे आणि तूप धरलेलं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची आहार-मार्गदर्शिका २,००० कॅलरीच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरते. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या माझ्यासारखीला २,००० सुद्धा जास्तच.

पण रोज प्रत्येक फोडणी मोजणं टिकलं नाही. दहाव्या दिवशी सासूबाई दुखावल्या. म्हणाल्या, "चार लेकरं वाढवली मी, तेल कधी तोललं नाही. माझ्या हातावर भरवसा नाही का तुझा?" त्यांचं चुकत नव्हतं. त्यांच्या स्वयंपाकघरात त्यांच्या पळीवर कुणी तरी पहारा बसवला होता. मी माफी मागितली आणि पद्धत बदलली. आता सोमवारी सकाळी किटलीत ८५० ग्रॅम तेल भरायचं, ते आठवड्याचं. कशात किती घालायचं ते सर्वस्वी त्यांनी ठरवायचं, मी विचारत नाही. आणि खरं सांगते, माझ्यापेक्षा त्या कितीतरी चांगलं सांभाळतात. रविवारी भजी करायची असली की बुधवार-गुरुवारी वाफेवरच्या भाज्या होतात. बेसन कोरडं न ठेवता ताकात कालवून पिठलं होतं. कांदा परतताना पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायचं, हे त्यांनीच मला शिकवलं. महिन्याचं तेल सहा लिटरवरून चारवर आलं. साधारण तीनशे रुपये वाचतात, म्हणजे सव्वा महिन्यात काट्याची किंमत निघाली.

तळणाचा हिशेबही एकदा केला. पुऱ्यांच्या आधी कढईतलं तेल ४०० ग्रॅम होतं, २५ पुऱ्या झाल्यावर गार करून तोललं तर ३३५. म्हणजे पुरीमागे अडीच ग्रॅमच्या आसपास. चार पुऱ्यांचं दहा ग्रॅम. मला वाटायचं पुरी म्हणजे सगळ्यात वाईट. आमच्या रोजच्या भाजीच्या वाटीतही जवळपास तेवढंच तेल असायचं.

दुसरी गोष्ट मुलांच्या ताटातली. पोरं उठली की ताटात अर्धी पोळी, दोन घास वरणभात, कधी शिऱ्याचा गोळा उरतो. अन्न टाकायचं नाही हे माझ्या आईने अंगात मुरवलेलं, म्हणून मी उभ्या उभ्या संपवायचे. एक आठवडा हे सगळं खाण्याआधी एका वाटीत घेऊन तोललं. सहा दिवसांचं ६१२ ग्रॅम झालं. दिवसाला शंभर ग्रॅम अन्न, जे मी जेवण म्हणून कधी मोजलंच नव्हतं. अन्न टाकायचं नाही यावर मी आजही ठाम आहे, फक्त आता मुलांना पहिलं वाढणं निम्मं असतं, हवं तर परत घ्या. उरलेली पोळी झाकून ठेवते, दुसऱ्या दिवशी सकाळी तिची फोडणीची पोळी होते.

पोळीचा गोळा आधी ५५ ग्रॅमचा होता, आता ४०. शंभर ग्रॅम पिठाला ६५ च्या आसपास पाणी लागतं, त्या हिशेबाने एका पोळीत ३३ ऐवजी २४ ग्रॅम पीठ जातं. आठवडाभर तोलल्यावर हाताला माप बसलं, आता गोळा तोलत नाही. त्या जागी उसळ वाढवली. मोड आलेली मटकी, हरभरा, आठवड्यातून चार दिवस एक उकडलेलं अंडं. पोट भरलेलं राहतं आणि हिमोग्लोबिन मार्चमध्ये ११.८ आलं, अर्थात डॉक्टरांच्या लोहाच्या गोळ्यांसह. कूट करताना तोंडात टाकायची शेंगदाण्याची मूठ ३५ ग्रॅमची निघाली, दोनशे कॅलरी. दाणे चांगलेच, पण आता बसून, जेवणात धरून खाते. चहाची साखर निम्मी केली. चालणं फक्त शाळेच्या रस्त्याने, स्कूटर लांब लावून, दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं. त्याहून जास्त जमत नाही.

आता जे लिहायला जड जातं ते. ऑक्टोबरातला शनिवार होता. मी ओट्याशी डबे भरत होते. मुलीने तिच्या डब्यातली पोळी उचलून काट्यावर ठेवली, आकडा बघितला, पोळी मधोमध फाडली आणि अर्धी मला परत दिली. म्हणाली, "आई, माझी पण जास्त होते ना?" दहा वर्षांची, वाढीच्या वयातली, धावणारी-खेळणारी पोर. माझे हात थांबले. तीन महिने ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिला नकळत काय शिकवत होते हे त्या अर्ध्या पोळीत दिसलं.

त्या दिवसापासून काटा जेवणाच्या वेळी बाहेर नसतो. तोलायचं ते कच्चं, स्वयंपाक करताना, ताटातलं कधीच नाही. तिच्यासमोर 'जाड', 'वजन', 'कॅलरी' हे शब्द मी बंद केले, सासूबाईंना आणि यांनाही सांगितलं. ती परत पोटभर जेवायला लागेपर्यंत दोन-तीन आठवडे माझं लक्ष लागत नव्हतं. नंतर नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघींनी नानकटाई केली तेव्हा मैदा, तूप, पिठीसाखर तिने तोलली. तिच्यासाठी तो काटा आता नानकटाईचा काटा आहे, आणि तसाच राहावा म्हणून मी जपते. घरात मुली असतील तर काटा घेण्याआधी याचा विचार करा, ही माझी कळकळीची विनंती आहे. ज्यांना जेवणाबद्दल सतत धास्ती वाटते त्यांनी घेऊच नये. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही कमी करू नये.

काट्याचे दोषही सांगते. दोन मिनिटं हात लावला नाही तर आपोआप बंद होतो, मळता मळता पाण्याचा हिशेब जातो. मीठ-हळदीसारखं चिमटी-चिमटीने घातलेलं त्याला कळत नाही, दोन-तीन ग्रॅमच्या खाली भरवसा ठेवू नका. मापाचं एकक बदलायचं बटण शून्याच्या बटणाला खेटून आहे. धाकट्याने ते दाबलं आणि काटा औंसात गेला. मी सकाळच्या घाईत ७ बघून पीठ ओततच राहिले. मिलिलिटरचा पर्याय तेलाला वापरू नका, तो पाण्याच्या हिशेबाने चालतो. ताटलीखाली पीठ जातं, ते कोरड्या ब्रशने काढावं लागतं, धुता येत नाही. मी वर पारदर्शक पिशवी चढवून ठेवते. सेल चार महिने जातात. सेलचं झाकण सैल झालंय, त्याला चिकटपट्टी लावली आहे.

वजन सरळ रेषेत उतरलं असं समजू नका. पाळीच्या आधी किलो-सव्वा किलो वाढलेलं दिसतं आणि आपोआप जातं, म्हणून मी पंधरा दिवसांतून एकदाच दवाखान्यातल्या काट्यावर उभी राहते. दिवाळीत नरक चतुर्दशीपासून भाऊबीजेपर्यंत स्वयंपाकघरातला काटा मुद्दाम माळ्यावर ठेवला होता. फराळ पोटभर खाल्ला, सगळ्यांबरोबर. १.२ किलो वाढलं, ते उतरायला डिसेंबर उजाडला. यंदाही तसंच करणार आहे.

अजून बरंच बाकी आहे. भारतीयांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या आत असावा असं मानतात, माझा २९.७ वरून २६.३ वर आला आहे. कंबर बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. शिवणाच्या टेपने मोजली तर ९४ ची ८५ झाली. गेल्या सहा आठवड्यांत वजन तिथेच थांबलं आहे. परवा सासूबाईच म्हणाल्या, "पुढच्या सोमवारपासून आठशेच भर, मी भागवते." उन्हाळ्यात काकडी, ताक, कोशिंबिरी जास्त होतात, फोडणी कमी लागते, असं त्यांचं म्हणणं. सोमवारी ८०० भरणार आहे.