काट्याची वायर निघाली आणि २४,५०० रुपये गेले

सांगलीच्या मार्केट यार्डात माझी हळदीची अडत आहे. काट्यावरचं वजन यूएसबी-सिरीयल वायरीनं थेट संगणकात येतं, त्यावर शेतकऱ्याच्या हिशेबाची पट्टी निघते. ऐन हंगामात झाडलोट करताना मागची वायर निघाली. पोरानं परत लावली, पण संगणकाच्या पुढच्या खाचेत. टिंग वाजलं, वजन मात्र येईना. शेतकरी पट्टीसाठी खोळंबलेले, हमाल थांबलेले. अशा वेळी माणूस काय करणार? नेटवर काट्याच्या कंपनीचं कस्टमर केअर शोधलं आणि वरचाच नंबर लावला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. नंबर भामट्याचा निघाला. आपली स्क्रीन त्याला दिसणारं अ‍ॅप, आधी १,१८० रुपये, मग लायसन्सचे ४,७२०. जीएसटी धरून आकडा सांगितला म्हणून खरा वाटला. मग स्क्रीन काळी झाली. 'अपडेट चालू आहे सर, लायसन्सचा कोड आला असेल, सांगा.' बँकेचं पान बाजूला उघडंच होतं. ओटीपी मीच वाचून दाखवला. १८,६०० गेले.

पण खरी जळजळ वेगळीच आहे. त्याच्या आधी त्यानं डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे संगणकाला काय काय जोडलंय त्याची यादी, उघडलं होतं. पोर्ट्सच्या यादीत वायरीचं नाव होतं, पुढं कॉम ७, म्हणजे विंडोजनं त्या जोडणीला दिलेला नंबर. बिघाडाचा पिवळा त्रिकोण नाही, काही नाही. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉम ३ मी स्वतः भरलेला. 'हा आकडा वेगळा कसा?' असं विचारलंसुद्धा. तो म्हणाला, 'सर, तोच तर व्हायरस.' आणि मी ऐकून घेतलं! तिथंच फोन आपटायला हवा होता.

संध्याकाळी पुतण्यानं वायर मागच्या खाचेत लावली, कॉम ३ परत आला, वजन सुरू. दोन मिनिटांचं काम. अशा बऱ्याच स्वस्त वायरींना स्वतःचा सिरीयल नंबर नसतो. खाच बदलली की विंडोज त्यांना नवीन समजून नवा कॉम नंबर देतं. खाचेवर आजच खूण करा. सॉफ्टवेअर चालू असताना वायर निघाली तर आधी ते बंद करा, मग वायर लावा. यादीत 'फेज्ड आउट सिन्स २०१२' दिसलं तर घाबरू नका, वायरीतली चिप जुनी किंवा नकली आहे, एवढंच.

पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे, 'आधी बँकेत जा.' बँकेत म्हणे, 'काका, ओटीपी तुम्हीच दिला. एफआयआर आणा.' परत ठाण्यात, तर साहेब बंदोबस्तात. तिसऱ्या खेपेला, 'पैसे गेले ते खातं परराज्यातलं, आमच्या हद्दीत येत नाही.' हद्द कसली? १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठंही घडो, दखलपात्र असेल तर माहिती नोंदवून घ्यावीच लागते. मी हे बोललो तर हवालदार म्हणाला, 'मग वकिलालाच घेऊन या.' चोरानं निदान सर तरी म्हटलं होतं.

पैसे गेल्या गेल्या १९३०, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावा. मी दुसऱ्या दिवशी लावला. बँकेला कळवल्याची पोच लेखी घ्या. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या अंगावर, असा नियम रिझर्व्ह बँकेनं २०१७ साली केला.

परवा पुन्हा फोन आला. 'सर, तुमचे २४,५०० परत मिळतील, प्रोसेसिंगचे १,००० भरा.' आकडा अगदी बरोबर होता.