चिंगीला 12 आठवड्यांची गोचिडीची गोळी : नऊ महिन्यांचा अनुभव

आमची चिंगी गावठी, साडेचार वर्षांची. आम्ही साताऱ्यात गोडोलीकडं राहतो, घरामागं मोकळं रान आहे, तिथनं मेंढरांचे कळप जातात, गल्लीत भटकी कुत्रीपण आहेत, त्यामुळं गोचीड हा विषय आमच्याकडं बाराही महिने. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तिला टिक फीवर, म्हणजे गोचीड चावून होणारा ताप, झाला. दोन दिवस भाकरीकडं बघितलं नाही, हिरड्या पांढऱ्याफटक, रक्त तपासलं तर प्लेटलेट 38 हजारांवर घसरलेल्या. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक 28 दिवस, सलाईन वेगळं. वाचली बाई एकदाची, पण ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो.

त्याआधी पावडर, स्प्रे, मानेवर टाकायचे थेंब सगळं करून झालं होतं. औषधं वाईट नव्हती, खंड माझ्याकडनं पडायचा. थेंब दर महिन्याला टाकायचे, त्याच्या आधी-नंतर दोन दिवस आंघोळ नाही, आणि आमची ही पावसात ओढ्यात लोळून येणार. मग राहू दे पुढच्या आठवड्यात टाकू म्हणायचं आणि तेवढ्यात कानात गोचिडी.

म्हणून डॉक्टरांनी फ्लुरालेनरची चघळायची गोळी सुचवली, एकदा दिली की 12 आठवडे बघायला नको. वजन 18.6 किलो, म्हणजे 10 ते 20 किलोवाली 500 मिलिग्रॅमची. 12 जूनला दिली. रिकाम्या पोटी देऊ नका म्हणाले, पोटात अन्न असलं की औषध रक्तात नीट उतरतं, म्हणून चिकन-भाताबरोबर दिली, तिनं खाऊसारखी खाल्ली. हे औषध रक्तात राहतं, गोचीड चावून रक्त प्यायली की तिच्या मज्जातंतूंवर परिणाम होऊन ती मरते. दुसऱ्या दिवशी कानामागं बघितलं तर आदल्या दिवशी एरंडाच्या बीसारखी टम्म दिसलेली गोचीड वाळून चपटी झाली होती, बोटानं सहज निघाली.

पण पहिले दीड-दोन महिने भिंतीवर गोचिडी चढताना दिसतच होत्या आणि सासूबाई म्हणायच्या, "एवढे पैसे घातले, उपयोग काय झाला?" मलाही तसंच वाटायला लागलेलं. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, "ताई, औषध कुत्रीत आहे, घरात नाही." कुत्र्याची ही तपकिरी गोचीड घरातच पिढ्या काढते, एकेक मादी हजारांनी अंडी घालते, तीही फटीत. रक्त प्यायचं, उतरायचं, कात टाकायची, परत चढायचं असं करत ती आयुष्यात तीनदा रक्त पिते. मग चौकटीमागच्या फटी सिमेंटनं बुजवल्या, जिन्याखालची पोती टाकून दिली, चिंगीचं अंथरूण दर रविवारी उकळत्या पाण्यात. ऑगस्टमध्ये भिंत स्वच्छ झाली.

आता माझी चूक सांगते, कारण हीच चूक बऱ्याच जणांकडनं होत असणार. मी डोक्यात तीन महिने धरून बसले, म्हणजे 12 सप्टेंबर. पण 12 आठवडे म्हणजे 84 दिवस, तारीख 4 सप्टेंबरलाच संपली होती! त्यात गौरी-गणपतीची गडबड, घरात पाहुणे. 11 तारखेला रात्री तिच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात चार बारक्या गोचिडी सापडल्या आणि माझे हातपायच गळाले. 13 ला गोळी दिली, पंधरा दिवसांनी रक्त तपासून घेतलं, नशिबानं सगळं ठीक निघालं. तेव्हापासून कालनिर्णयवर 84 दिवस मोजून लाल पेनानं गोल करते. पुढची 6 डिसेंबर आणि नंतरची 28 फेब्रुवारी, दोन्ही वेळेवर दिल्या. एक अजून, डिसेंबरात वजन भरलं 20.4, म्हणजे 1000 मिलिग्रॅमची मोठी गोळी लागली. दरवेळी वजन करूनच घ्या, जुन्या चिठ्ठीवर आणू नका.

त्रास म्हणाल तर दुसऱ्या गोळीनंतर एकदा उलटी आणि दिवसभर मलूल, बाकी काही नाही. पण फिट येणारं कुत्रं असेल तर डॉक्टरांना आधी सांगाच, या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके येतात असा इशारा एफडीएनं, म्हणजे अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, 2018 मध्ये दिलाय. पोटातल्या जंतांवर ही गोळी चालत नाही, जंताचं औषध वेगळं द्यावंच लागतं. आणि गोचीड चावल्याशिवाय मरत नाही, त्यामुळं टिक फीवरची भीती कमी होते, संपत नाही. संध्याकाळी कान, काख, बोटांमधली जागा बघणं मी सोडलेलं नाही.

मध्यंतरी डॉक्टरांना विचारलं, याहून जास्त टिकणारं काही नाही का? ते म्हणाले, "चिंगीचं पिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा आतले टाके काढायला आणावं लागलं होतं का?" नाही, ते आपोआप विरघळले. त्याच जातीच्या पदार्थाचे, पीएलजीए म्हणतात त्याला, डोळ्यांना दिसणार नाहीत एवढे बारीक मणी करून त्यात औषध भरायचं आणि कातडीखाली सोडायचं. अंगातल्या पाण्यानं ते हळूहळू झिजतात, त्याचं लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल होऊन शरीरात जिरून जातं, आणि औषध थोडं थोडं सुटत राहतं. याच कल्पनेवरचं अमेरिकेत हृदयातल्या जंतासाठी मॉक्सिडेक्टिन या औषधाचं इंजेक्शन आहे, त्यातले मणी चरबीसारख्या पदार्थाचे. 2001 मध्ये आलं, दुष्परिणामांच्या तक्रारींमुळं 2004 मध्ये परत मागवलं, 2008 ला कडक अटींवर पुन्हा आणलं, आणि 2019 पासून वर्षाला एकच टोचायचं पण निघालंय. अडचण एकच, एकदा टोचलं की काढून घेता येत नाही. सोसलं नाही तर औषध संपेपर्यंत अंगात राहणार.

चिंगीसाठी मला गोळी पुरे आहे, महाग असली तरी. पण गल्लीतल्या चार कुत्र्यांना मी रोज भाकरी घालते, त्यांचे कान बघवत नाहीत, द्राक्षाच्या घडासारख्या गोचिडी लटकलेल्या असतात. त्यांना दर 84 दिवसांनी धरून वजन करून कोण गोळी देणार? वर्षातनं एकदा रेबीजची लस टोचायला माणसं येतातच, त्याच वेळी गोचिडीचं असं इंजेक्शन देता आलं तर ती जनावरं सुटतील. असं काही इथं मिळायला लागलं तर चारही कुत्र्यांचा खर्च मी उचलायला तयार आहे, घरात तसं बोलून ठेवलंय.

चिंगीची पुढची तारीख 23 मे.