रेषा कोण आखतो: विस्कॉन्सिन आणि मुंबई

मतदारसंघांच्या रेषा निकाल फिरवतात का? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये फिरवला. २०११ साली सत्ताधारी रिपब्लिकनांनीच नकाशा आखला. २०१८ला विरोधी डेमोक्रॅटांना विधानसभा निवडणुकीत सुमारे ५३ टक्के मतं पडली, जागा मात्र ९९पैकी ३६! नकाशा बदलल्यावर २०२४ला ४५ झाल्या. माझ्या मते ही मतदाराची उघड फसवणूक होती.

मुंबईत २००८ची मतदारसंघ पुनर्रचना पक्षाने नाही, परिसीमन आयोगाने केली, २००१च्या जनगणनेवर. शहराच्या विधानसभेच्या १७ जागा १० झाल्या, उपनगरांच्या १७च्या २६. गिरण्या बंद पडल्या, माणसं बोरिवली-मुलुंडकडे सरकली, आमदारही तिकडे वाढले. लालबाग-परळचा आवाज घटल्याची हळहळ आहेच, पण हिशेब रास्त होता. २००९ला शिवसेना-भाजप युतीला इथे रेषांपेक्षा मनसेने खाल्लेली मतं जास्त महागात पडली.