बोटावरचा ऑक्सिमीटर: आकडा चोख, पण डोक्याचं काय?

लेहला जायचं ठरल्यावर लेकीने ऑनलाइन मागवून दिला. बाराशेच्या आत मिळाला. सोबत दोन बारीक सेल आणि गळ्यात अडकवायची दोरी येते. दोरी कुचकामी आहे, तिच्या नादी लागू नका.

यंत्राचं काम मात्र चोख. बोट घातलं की काही सेकंदांत रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्क्यांतला आकडा. घरी डोंबिवलीत आम्हा दोघांचा ९८. लेहच्या हॉटेलात, साडेअकरा हजार फुटांवर, संध्याकाळी माझा ८५, ह्यांचा ८८. तिथल्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश, म्हणून आकडा उतरतो. यंत्राला कोण सांगणार? ९० च्या खाली गेलं की ते टीं टीं करत बसतं, आणि आवाज बंद करायची सोय नाही. शेजारच्या खोलीतल्या बाई दार वाजवून विचारायला आल्या, कुणाला काही झालंय का म्हणून!

बोटं गार असतील तर आधी चोळून गरम करा. गडद नेलपॉलिश असेल तर पुसा, आतला लाल उजेड नखातूनच जातो.

आता तक्रार. आकडा ह्यांचा बरा, पण डोकं जड झालं तेही ह्यांचंच. बँकेत आयुष्यभर कॅश सांभाळलेला माणूस, जेवणाचं बिल पुन्हा पुन्हा मोजत बसला. माहितीपत्रकात यावर अवाक्षर नाही. '९५ ते १०० नॉर्मल', संपलं.

आमच्या डॉक्टरांनी नंतर नीट उलगडून सांगितलं. ह्यांची कंबर १०२ सेंटिमीटर (आपल्याकडच्या पुरुषांना मर्यादा ९०), उपाशीपोटी साखर ११८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, तीही दोन्ही जास्तच. ढेरी, साखर, चरबी, रक्तदाब अशा पाच निकषांपैकी तीन भरले की त्या एकत्र बिघाडाला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण ऑक्सिजन खातो २० टक्के. ऑक्सिजन घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि जास्त रक्त आत घेतात. पण उंचीवर आपण भराभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, आणि त्यामुळे त्याच वाहिन्या आवळतात. या रस्सीखेचीत रुंदावायला मदत करतो तो वाहिन्यांच्या अस्तरातून सुटणारा नायट्रिक ऑक्साइड. साखर, चरबी, रक्तदाब यांनी अस्तर बिघडलं की तोच कमी पडतो. त्यात अशा लोकांचा मेंदूकडचा रक्तप्रवाह मुळातच कमी असू शकतो: अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मध्यमवयीनांमध्ये तो सुमारे १५ टक्के कमी आढळला होता.

म्हणजे रक्तात ऑक्सिजन किती, हे बोट सांगतं. ते रक्त डोक्यात किती पोचतंय, ते नाही. त्यासाठी कानशिलावर डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणारं यंत्र) लावून बघतात.

आता एका नवराबायकोवरून सिद्धांत मांडायचा नाही, हे मलाही कळतं. उंचीवर ठणठणीत पोरांचंही डोकं दुखतं. पण घरात कुणाची ढेरी, शुगर, बीपी असेल तर नुसत्या आकड्यावर निर्धास्त राहू नका. चालताना तोल जातोय का, बोलणं विसंगत होतंय का, ते बघा, आणि तसं दिसलं तर आकडा काहीही असो, खाली उतरा आणि डॉक्टर गाठा.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो त्या टीं टीं आवाजासाठी आणि माहितीपत्रकासाठी. सेल जास्तीचे न्या, तिथल्या थंडीत लवकर मान टाकतात.