जिओसर्व्हरचे मंदावलेले ॲडमिन पॅनेल : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

जिओसर्व्हर, म्हणजे भौगोलिक डेटा नकाशांच्या रूपाने वेबवर पुरवणारा सर्व्हर, आम्ही अकरा महिने रोज वापरत आहोत. सुमारे १,४०० लेयर (नकाशाचे थर), त्यांतले बहुतेक पोस्टजीआयएसमधून, म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसच्या भौगोलिक विस्तारातून, येणारे, थोड्या शेपफाइली (भौगोलिक डेटाच्या फाइली) आणि बाहेरच्या सर्व्हरवरून घेतलेले एक-दोन डब्ल्यूएमएस (वेबवरून नकाशे देणाऱ्या सेवा), एवढा आमचा पसारा आहे. नकाशे पुरवण्याच्या कामात त्याने आम्हाला एकदाही तोंडघशी पाडलेले नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे बहुतेक लिखाण तक्रारीचे आहे आणि ती तक्रार केवळ ॲडमिन पॅनेलपुरती, म्हणजे सर्व्हर सांभाळण्याच्या वेब-पानांपुरती, आहे. मागितलेला नकाशा क्षणात हातात ठेवणारा सर्व्हर स्वतःच्याच लेयरची यादी दाखवायला मिनिटे का घेतो, या एका प्रश्नाने माझे सहा आठवडे खाल्ले.

सातव्या महिन्यापर्यंत तक्रारीला जागा नव्हती. त्यानंतर लेयरच्या यादीची पाने जड होऊ लागली. ही यादी एका पानावर २५ लेयर दाखवते. आमची काही पाने आठ-दहा सेकंदांत उघडत, तर काही उघडतच नसत आणि बरोबर एका मिनिटाने ५०४ ची, म्हणजे वेळेत उत्तर न आल्याची, चूक दाखवून थांबत. ते एक मिनिट जिओसर्व्हरचे नव्हते. त्याच्या पुढे उभ्या केलेल्या आणि मागण्या त्याच्याकडे पोचवणाऱ्या एन्जिनएक्स या वेब सर्व्हरची उत्तरासाठी थांबण्याची मूळ मर्यादा ६० सेकंद असते आणि ती संपली की तो आपल्या अधिकारात दार लावतो. मला ही गोष्ट ठाऊक होती, तरी त्या गडबडीत मी तो आकडा जिओसर्व्हरच्या माथी मारला आणि दोन दिवस भलतीकडेच शोधत बसलो.

ज्यांच्याकडून आम्ही यंत्र भाड्याने घेतले आहे, त्यांच्या मदत कक्षाने एका ओळीत निदान केले की मेमरी कमी पडते आहे. आम्ही ८ जीबीचे यंत्र १६ जीबीचे केले आणि जावाची हीप (जिओसर्व्हर ज्या जावावर चालतो, तिला वापरायला दिलेली मेमरी) २ वरून ८ जीबीवर नेली. त्या दिवशी यादीची पहिली तीन-चार पाने चटकन उघडली आणि मी सहकाऱ्यांना प्रश्न सुटल्याचे कळवूनही टाकले. दुसऱ्या दिवशी नवव्या पानावर गेलो, तर पुन्हा तेच ५०४. कचरा गोळा करण्यात, म्हणजे न लागणारी मेमरी मोकळी करण्यात, जावाचा किती वेळ जातो, हे तेव्हा पहिल्यांदा मोजले. तो नगण्य होता, आणि जुन्या २ जीबीच्या हीपवरही तो नगण्यच असणार होता. मोजण्याआधी पैसे खर्च केल्याची ती चुटपुट अजून गेलेली नाही. महिन्याचे भाडे वाढले होते आणि पान जागचे हलले नव्हते.

खरी दिशा एका साध्या तुलनेने दाखवली. तीच यादी रेस्टच्या, म्हणजे पानाऐवजी नुसता डेटा देणाऱ्या, वाटेने मागितली, तर १,४०० लेयरांची सगळी नावे एका सेकंदाच्या आत आली. जिओसर्व्हर सुरू होताना डेटा डिरेक्टरीतल्या एक्सएमएल फाइली वाचून संपूर्ण कॅटलॉग (लेयरांची नोंदवही) मेमरीत ठेवतो, त्यामुळे नुसती नावे सांगायला त्याला कोणाला विचारावे लागत नाही. म्हणजे कॅटलॉग निर्दोष होता आणि वेळ जात होता तो पान रंगवताना. पण पान रंगवण्यात एवढे काय असते?

यावर माझा संशय विकेट या जावातल्या वेब-चौकटीवर गेला. ॲडमिन पॅनेल त्याच चौकटीवर उभे आहे, आणि हजारभर ओळींचे तक्ते तिला झेपत नसावेत, असे मी मनाशी धरून चाललो. ते मतही चुकीचे निघाले. अडकलेले पान उघडे ठेवून मी जेस्टॅक या जावाच्या साधनाने दहा-दहा सेकंदांनी तीन थ्रेड डंप, म्हणजे कामाचा कोणता धागा (थ्रेड) त्या क्षणी कुठे आहे याच्या नोंदी, घेतले. तिन्हींत टॉमकॅटचा, म्हणजे जिओसर्व्हर ज्याच्यात चालतो त्या सर्व्हरचा, एकच थ्रेड एकाच जागी उभा होता : सगळ्यात वर सॉकेट (नेटवर्कचा दुवा) जोडण्याची वाट, त्याखाली पोस्टग्रेसचा जावा ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारा भाग), त्याखाली कनेक्शनचा पूल (डेटाबेसच्या जोडण्यांचा साठा), आणि बऱ्याच ओळी खाली उतरल्यावर एक नाव, कॅटलॉग आयकॉन फॅक्टरी. ते नाव मी पुन्हा पुन्हा वाचले. यादीत प्रत्येक लेयरच्या डाव्या हाताला बिंदू, रेषा किंवा बहुभुज दाखवणारे एक चिमुकले चित्र असते. ते कोणते काढायचे, हे ठरवण्यासाठी जिओसर्व्हर त्या लेयरचा स्कीमा (डेटाच्या रकान्यांची आणि त्यांच्या प्रकारांची रचना) मागतो, आणि स्कीमा हाताशी नसेल तर थेट डेटाबेसचे दार ठोठावतो.

या चित्राबद्दल मला सविस्तर बोलायचे आहे. मी अकरा महिन्यांत एकदाही त्याच्याकडे पाहून काही ठरवलेले नाही. लेयर कशाचा आहे, हे त्याच्या नावातच कळते, आणि नाहीच कळले तर आत जाऊन पाहता येते. तरीही यादीची प्रत्येक फेरी, प्रत्येक शोध आणि क्रमवारीतला प्रत्येक बदल त्या चित्रासाठी २५ वेळा डेटाबेसच्या दारापर्यंत जाण्याची शक्यता घेऊन येतो. डेटाबेस जागेवर असेल तर हे जाणवतही नाही. तो जागेवर नसेल, तर ज्या पानावर फक्त नावे वाचायची आहेत ते पानही बंद पडते. नकाशा मागितल्यावर डेटाबेसची वाट पाहणे योग्यच आहे. यादी मागितल्यावर ती पाहायला लावणे मला मान्य नाही. भूमितीचा प्रकार प्रकाशनाच्या वेळी एकदा वाचून कॅटलॉगमध्येच लिहून ठेवला, तर हा सारा प्रवास वाचेल.

आमचा डेटाबेस का जागेवर नव्हता, याचे उत्तर आमच्याच घरात होते. एका संपलेल्या प्रकल्पाचे डेटाबेस-यंत्र चार महिन्यांपूर्वी बंद करण्यात आले, पण त्याचे स्टोअर (जिओसर्व्हरमधली त्या डेटाबेसच्या जोडणीची नोंद) आणि त्यावरचे लेयर कोणीच काढले नव्हते. त्या लेयरांच्या नावांना एकच उपसर्ग असल्यामुळे नावाच्या क्रमवारीत ते शेजारी-शेजारी येत, आणि नवव्या पानावर त्यांतले तब्बल २३ होते. शिवाय बंद यंत्राच्या पत्त्यावर जाणारी नेटवर्कची पाकिटे (डेटाचे तुकडे) फायरवॉल नाकारत नव्हती, तर मुकाट्याने गिळत होती. जोडणी नाकारली गेली तर ड्रायव्हरला ते तत्काळ कळते. पाकीट गिळले गेले तर मात्र तो आपली पूर्ण मुदत वाट पाहतो, आणि पोस्टग्रेसच्या जावा ड्रायव्हरची जोडणीसाठीची मूळ मुदत १० सेकंद आहे. एन्जिनएक्सला बगल देऊन मी टॉमकॅटच्या ८०८० पोर्टवरून तेच पान घड्याळ लावून उघडले. ते २३१ सेकंदांनी उघडले. तेवीस लेयर, प्रत्येकी दहा सेकंद, आणि उरलेला एक सेकंद बाकी सगळ्या कामाला.

ते स्टोअर त्याच्या लेयरांसह काढून टाकले आणि नववे पान तीन सेकंदांत आले. इथे माझ्या मतात बदल करणे भाग आहे. सहा आठवडे मी ज्याला जिओसर्व्हरचा मंदपणा म्हणत होतो, त्याचा मोठा वाटा आमच्या निष्काळजीपणाचा होता, आणि मेमरी किंवा विकेट यांचा त्यात काहीच दोष नव्हता. चित्राबद्दलचा माझा आक्षेप मात्र कायम आहे. आता प्रत्येक स्टोअरवर जोडणी फसल्यास आपोआप बंद होण्याचा पर्याय आम्ही सुरू केला आहे. तो मुळात बंद असतो आणि स्टोअरच्या पानावर एका साध्या चौकोनाच्या रूपाने असतो, त्यामुळे सहज नजरेतून सुटतो. त्याने यादी किती वेगवान होईल याचा अनुभव सुदैवाने पुन्हा आलेला नाही, पण कोणते स्टोअर मेले आहे, हे निदान डोळ्यांना दिसेल.

मेलेले स्टोअर गेल्यावरही काही पाने पहिल्या खेपेला आठ-नऊ सेकंद घेत होती. त्याचे मूळ ग्लोबल सेटिंग्जमधल्या फीचर टाइप कॅशेच्या, म्हणजे लेयरांचे स्कीमे हाताशी ठेवणाऱ्या साठ्याच्या, आकारात सापडले. हा आकडा मुळात १०० असतो. आमचे लेयर १,४००, म्हणजे यादीची चार पाने चाळली की आधीचे स्कीमे बाहेर ढकलले जाणार आणि परत फिरल्यावर ते पुन्हा डेटाबेसमधून आणावे लागणार. शक्य असल्यास हा आकडा एकूण फीचर टाइपपेक्षा मोठा ठेवा, असे जिओसर्व्हरच्या अधिकृत माहितीतच लिहिलेले आहे. तो फार मोठा केल्यास मेमरी संपू शकते, हा इशाराही तिथेच आहे. आम्ही तो २,००० केला. एकदा पाहिलेले पान आता दोन सेकंदांच्या आत परत येते, आणि एवढ्याने मेमरीवर पडलेला भार मोजण्याजोगा नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. कोणीतरी चाचणीसाठी लॉगची (सर्व्हरच्या कामाच्या नोंदींची) पातळी जिओटूल्स डेव्हलपर या तपशीलवार पर्यायावर ठेवून विसरला होता आणि डेटाबेसला विचारलेले प्रत्येक एसक्यूएल फाइलीत उतरत होते. ती मोजकेच लिहिणाऱ्या प्रॉडक्शन या पर्यायावर आणली. बाहेरच्या डब्ल्यूएमएस स्टोअरला जोडणीसाठी ३० आणि वाचनासाठी ६० सेकंदांची मूळ मुदत असते. समोरचा सर्व्हर झोपला की त्या लेयरचे संपादनाचे पान तेवढे थांबते, म्हणून आम्ही ती अनुक्रमे ५ आणि १५ वर आणली. डेटा डिरेक्टरी नेटवर्कवरच्या डिस्कवर होती. प्रत्येक लेयरच्या निदान दोन लहान फाइली, म्हणजे सुरू होताना तीनेक हजार फाइलींसाठी तेवढ्याच फेऱ्या. ती यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर आणल्यावर सुरू होण्याचा वेळ चार मिनिटांवरून पाऊण मिनिटावर आला.

नवा लेयर प्रकाशित करताना सीमाचौकट (लेयर जेवढा भाग व्यापतो त्याची चौकट) डेटावरून काढण्याची जी कळ आहे, तिच्यावर मात्र आम्ही अजून अडखळतो. पोस्टजीआयएस स्टोअरमध्ये अंदाजी सीमा वापरण्याचा पर्याय मुळात सुरू असतो आणि तो तक्त्याच्या आकडेवारीवरून उत्तर काढतो. आमच्याकडे तो कोणीतरी बंद केला होता, कारण नुकत्याच भरलेल्या तक्त्याची आकडेवारी तयार नसल्याने सीमा रिकामी येत होती. परिणामी नव्वद लाख ओळींच्या तक्त्यावर ती कळ दाबली की प्रत्येक ओळ वाचली जाई आणि माणूस चहा पिऊन परत आला तरी पान फिरतच असे. आता डेटा भरणाऱ्या स्क्रिप्टच्या शेवटी ॲनलाइझची, म्हणजे तक्त्याची आकडेवारी तयार करण्याची, ओळ घातली आहे आणि अंदाजी सीमा पुन्हा सुरू केली आहे. जुन्या स्क्रिप्टने भरलेले काही तक्ते अजून उरले आहेत. तिथे ती ओळ हाताने चालवावी लागते.

यंत्र गेल्या आठवड्यात पुन्हा ८ जीबीवर आणले आहे आणि हीप ३ जीबीवर ठेवली आहे. नववे पान आज सकाळी दीड सेकंदात उघडले. वाढीव भाड्याचे पैसे परत मागणारे पत्र मी मदत कक्षाला पाठवले आहे आणि त्याला तिन्ही थ्रेड डंप जोडले आहेत.